चौदा चित्रे आणि पिंगुळीची पोथी

क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या अमेरिकन चित्रकाराचे ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ हे पुस्तक १९८४ साली निघाले. त्यात कथा नाहीत. चौदा काळीपांढरी चित्रे आहेत, प्रत्येकाला एक शीर्षक आणि जोडीला एखादी ओळ. प्रस्तावनेतली हकीकत अशी की, बर्डिक नावाचा कुणी माणूस ही चित्रे प्रकाशकाकडे ठेवून गेला, गोष्टी उद्या आणतो म्हणाला आणि परत आलाच नाही. हकीकत अर्थात रचलेली. पण तिने अनेकांना लिहिते केले आणि २०११ मध्ये चौदा कथांचे पुस्तकही झाले.

त्यातल्या दोन कथा शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. एका चित्रात घर पाया सोडून वर उठले आहे. त्यावरची स्टीफन किंगची कथा १९९३ च्या त्याच्या संग्रहातच आली होती. भिंतींआड वाढणारे यंत्र, चार भावंडे, जाचक सावत्र बाप आणि तो आत असतानाच घराचे उड्डाण. कथा बांधेसूद आहे, वेगही आहे. पण ती संपल्यावर चित्राकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही. घर का उडाले ते कळले, विषय मिटला. दुसऱ्या चित्रात भिंतीच्या कागदावरचा पक्षी कागदातून सुटू पाहतो. केट डिकॅमिलो त्यावरून बहिणीने लढाईवरच्या भावाला लिहिलेली पत्रे रचते. पक्षी कसा सुटला, हा प्रश्न मागे राहतो. त्या खोलीतली एकटी मुलगी पुढे येते. मला ही कथा उजवी वाटते.

आता आपल्या जिल्ह्यातले पाहू. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी नेमकी उलट्या वाटेची. तिथे चित्र पाहून गोष्ट सुचायची नसते, ती आधीच ठरलेली असते. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची सुट्या चित्रांची एक पोथी, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एकेक पान समोर उभे करायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने आख्यान गायचे. पात्रे बहुधा एका बाजूने रंगवलेली, डोळे टपोरे, चेहऱ्यावर राग की दुःख ते पटकन कळू नये असे. परक्याला ही चित्रे थिजलेली वाटतात. वाटणारच! त्यांतली हालचाल गाणाऱ्याच्या गळ्यात असते, कागदावर नव्हे.

अशी चित्रे पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत, परदेशी संग्रहांतही आहेत. पैठणच्या बाजूला मिळाली म्हणून ‘पैठण शैली’ हे नावही रूढ झाले. काचेमागच्या एकट्या पानापुढे उभा राहिलेला माणूस बर्डिकच्या वाचकासारखाच असतो: चित्र आहे, गोष्ट आणणारा आलेला नाही. मग आपण लेखांतून त्या ‘गूढ’ डोळ्यांचे कौतुक करतो. (मीही केले आहे.) ते गूढ चितारणाऱ्याने घातलेले नाही, आख्यान आपल्या कानांवरून गेले, एवढाच त्याचा अर्थ. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या जागेचे मोल मला वाटते ते यासाठी, की तिथे पानाशेजारी गाणारे घर अजून आहे.

गाणारा कायमचा गेला की काय उरते, ते पाहायला मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जावे. तिथली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभ्यात कोरलेल्या माणसांसारख्या आकृत्या, आणि काही कशासारख्याच नाहीत. न कळणारे कोरीव काम पांडवांच्या नावावर टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. हल्लीच्या कथांत पांडवांच्या जागी परग्रहवासी येतात. दोन्ही किंगच्याच वाटेने जातात, घर का उडाले ते सांगायला. त्यापेक्षा पावसाळ्यात त्या सड्यावर गुरे नेणारा, रेघांवर पाय पडू नये म्हणून वळसा घेणारा आणि का ते स्वतःलाही न सांगू शकणारा एखादा गुराखी कुणी लिहिला, तर ती कथा मला वाचायची आहे.