हायकूचा घाट आणि वऱ्हाडी कान

हायकू हा काव्यप्रकार मराठीत १९७५ च्या सुमारास शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी रुजविला. पुढे तीन ओळी, त्यांपैकी दोहोंत यमक आणि एक निसर्गचित्र अशी त्याची व्याख्या रूढ झाली. ही व्याख्या अपुरी आहे. यवतमाळसारख्या, शायरीवर कान घडलेल्या परिसरात हायकू लिहू पाहणाऱ्याची तर ती दिशाभूल करते.

जपानी हायकूचे मूळ 'रेंगा' या सामूहिक शृंखलाकाव्यातील आरंभपदात, 'होक्कू'त आहे. बाशोने (१६४४–१६९४) या पदाला गांभीर्य दिले. शिकीने (१८६७–१९०२) त्याला शृंखलेपासून सोडवून 'हायकू' हे नाव रूढ केले. दुसऱ्याने पुढे न्यावे म्हणून अपुरे ठेवणे हा या रचनेचा जन्मस्वभाव होय. पाच-सात-पाच ही गणनाही अक्षरांची नव्हे. जपानीत दीर्घ स्वराची दोन एकके होतात. 'तोक्यो' या नावात अशी चार एकके आहेत. हे एकक आपल्या अक्षरापेक्षा मात्रेला जवळचे आहे. सतरा अक्षरे मोजल्याने मूळ घाटाशी इमान राखले जाते, असे म्हणूनच म्हणता येत नाही. घाटाचे मर्म 'किरेजी'त, म्हणजे दोन प्रतिमांमध्ये विराम निर्माण करणाऱ्या छेदक शब्दात आहे.

येथे शायरीशी तुलना उद्बोधक ठरते. यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर यांनी उर्दूतील हा प्रकार मराठीत अस्सलपणे आणला. तेथे अखेरच्या ओळीच्या कलाटणीने अर्थ पूर्ण होतो आणि मैफल दाद देते. हायकूत अखेरच्या ओळीनंतर अर्थ सुरू होतो. मराठी हायकूतील यमक त्याला गेयता देते हे खरे. परंतु तेच यमक दार लावून घेण्याचे, म्हणजे शेराचे, कामही करते. हायकू शिकणे म्हणजे प्रथम दादेचा मोह सोडणे होय.

दुसरा प्रश्न ऋतुशब्दाचा, 'किगो'चा आहे. जपानी कवीपाशी ऋतुशब्दांचे कोश असतात. मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रे, फुललेला पळस, मोहफुलांचा सडा, कपाशीची वेचणी हा आपला अलिखित कोश आहे. साकुरा आयात करण्याचे कारण नाही. मात्र शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात 'कापूस' हा शब्द केवळ ऋतुवाचक उरलेला नाही. शोक त्याला आधीच चिकटलेला आहे. अशा वेळी निव्वळ निसर्गचित्र रेखाटणे अप्रामाणिक, आणि तिसऱ्या ओळीत 'कर्ज' आणणे म्हणजे पुन्हा शेर, असा पेच उभा राहतो.

या पेचात इस्साची (१७६३–१८२८) कविता मार्गदर्शक ठरते. १८१९ मध्ये त्याची लहानगी मुलगी देवीच्या रोगाने गेली. त्या दुःखावरील हायकूत त्याने दवाच्या प्रतिमेबाहेर पाऊल टाकले नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, शोक वाचकापर्यंत पोहोचतो. फुटलेले बोंड आणि घराला घातलेले कुलूप एवढेच शेजारीशेजारी ठेवले, तर मधल्या विरामात काय भरावयाचे हे यवतमाळच्या वाचकाला सांगावे लागणार नाही. मराठी हायकूची खरी कसोटी हा विराम निभावण्यात आहे. ओळींच्या संख्येत किंवा यमकात नाही.