दिलगिरीचे वाङ्मय

आमच्या समीक्षकांनी ओवीपासून लावणीपर्यंत आणि बखरीपासून नवकथेपर्यंत सगळ्यांची यथास्थित चिरफाड केली. पण एका अफाट खपाच्या वाङ्मयप्रकाराकडे त्यांचे अजून लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे मोबाइल कंपनीचा दिलगिरीचा निरोप. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात राहून मी या वाङ्मयाचा सलग पाच दिवस व्यासंग केला आहे. हौसेने नव्हे. कंपनी बदलताना माझा फोन मुका झाला, आणि दुसरे काही करण्यासारखे उरले नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली. लग्नाची रीत, फक्त उलटी. मुलगी सासरी गेली की नाव बदलते. इथे नाव तेच, घर तेवढे दुसरे. 1900 वर ‘पोर्ट’ असा निरोप धाडायचा, माहेरहून आठ अक्षरांचा संकेत येतो, तो सासरी नेऊन द्यायचा. 16 डिसेंबर 2019 पासूनच्या नियमांप्रमाणे एकाच परिमंडळातली ही पाठवणी कामाच्या तीन दिवसांत उरकायची असते. ऐन मुहूर्ताला काही तास फोन बंद राहतो, ते चालायचेच. पण माझ्या वधूची वरात निघाली ती वाटेतच हरवली. माहेर म्हणे, ‘आम्ही पाठवली.’ सासर म्हणे, ‘आमच्याकडे पोचली नाही.’ मी विचारले, ‘मग आहे कुठे?’ त्यावर उत्तर आले, ‘सर, कृपया नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करा.’

म्हणजे बुडणाऱ्याने आधी काठावर येऊन अर्ज करावा!

यानंतर सौभाग्यवतींच्या फोनवर निरोपांची जी मालिका सुरू झाली, तिचे रसग्रहण करणे मी माझे कर्तव्य समजतो. पहिला विशेष व्याकरणाचा. ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ यात कर्ता शोधून दाखवा. आमच्या मास्तरांनी अशा वाक्याला छडीच दाखवली असती. गैरसोय कोणी केली नाही, ती झाली. पाऊस होतो, सकाळ होते, तशी. दिलगीरही कोणी नाही. दिलगिरी आपली आपण व्यक्त होते आहे.

दुसरा विशेष अलंकाराचा. प्रत्येक निरोपात मी ‘अमूल्य ग्राहक’. सुरुवातीला मी सुखावलो. मग अर्थ उलगडला. ज्याचे मूल्यच करता येत नाही, त्याला भरपाई किती द्यायची?

तिसरा विशेष कथानकाचा. चौथ्या दिवशी निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ फोन पाचव्या दिवशी सुरू झाला. शेवट आधी आणि घटना नंतर! नवकथावाल्यांनाही हे इतक्या सहजतेने जमले नसते.

या पाच दिवसांत काय बिघडले म्हणाल, तर पूर्वी फार बिघडले नसते. फोन बंद म्हणजे मेहुण्यांचा फोन येणार नाही, एवढाच अर्थ होता. आता बँक, पेन्शन, सिलिंडर सगळे त्या दहा आकड्यांना टांगलेले. दारात गॅसवाला उभा. ‘काका, कोड सांगा.’ कोड त्या मुक्या फोनवर. ‘अरे, मला ओळखत नाहीस का तू?’ ‘ओळखतो ना काका, पण मशीन ओळखत नाही.’ आणि सिलिंडर खांद्यावर टाकून तो जिना उतरून गेला. आपल्याच दारात आपण कोणी नसतो, हे मला त्या दिवशी कळले.

मी भरपाई मागितली. ‘सदिच्छा म्हणून’ एक जीबी डेटा मिळाला. उपाशी माणसाला पाककृतीचे पुस्तक!

नियम चाळले, तर त्यांतही हीच शैली. नंबर बदलून द्यायला कंपनीने अकारण नकार दिला, तर प्रत्येक वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. वाचून मी सरसावून बसलो. पण तो दंड जमा होतो सरकारदरबारी. पाय माझा मोडला, मलमपट्टी मामलेदाराला. फोन मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम 2015 साली झाला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 11 मे 2016 रोजी तो नियमच मनमानी ठरून रद्द झाला. 2024 च्या नियमांत मोठ्या बिघाडाला भाडेसूट आहे. पण त्यासाठी जिल्ह्यातली सेवा चोवीस तासांवर बंद पडावी लागते. एकट्या माणसाचा जिल्हा होत नाही.

राहिला ग्राहक आयोग. तिथे टेलिफोनची तक्रार चालते की नाही, यावरच बरीच वर्षे गेली. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे बिल महिना साडेपाचशेच्या आसपास यायचे, ते एकदा 24,609 रुपये 51 पैसे आले. तो 2014 साली मंचाकडे गेला. त्याची तक्रार तिथे ऐकता येते, एवढेच सर्वोच्च न्यायालयातून ठरायला 16 फेब्रुवारी 2022 उजाडला. दार आहे की भिंत, हे कळायलाच आठ वर्षे! आता दार आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही नाही. तरी पाच दिवसांच्या भरपाईसाठी ठाण्याच्या किती लोकल पकडायच्या, हा हिशेब ज्याने त्याने करावा. कंपनीने तो आधीच केलेला असतो, आणि माझे मुख्य भांडण या हिशेबाशी आहे.

ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2019 पासून घरचा फोन किंवा ब्रॉडबँड ठरावीक मुदतीत दुरुस्त झाला नाही, तर योजनेतल्या कंपन्या दिवसाच्या दराने पैसे आपणहून जमा करतात. अर्ज नाही, आर्जव नाही. आपल्याकडे हरवलेल्या वरातीला एवढे लागू झाले तरी पुष्कळ.

तेव्हा समीक्षक या नात्याने माझी एकच सूचना आहे. पुढचा निरोप असा यावा: ‘आम्ही चुकलो. तुमचे पाच दिवस आम्ही घालवले. त्याचे इतके रुपये जमा केले आहेत.’ यात अलंकार नाही, ध्वनी नाही, सूचकता तर औषधालाही नाही. पण कर्ता आहे, कर्म आहे आणि आकडा आहे. एवढा निरोप आला, तर मी तो चौकट करून भिंतीवर लावीन आणि गॅसवाल्यालाही वाचून दाखवीन.