आई झाल्यावरचे गाणे

वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात आणि तिची गाणी म्हणतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांची गाण्याशी पहिली ओळख इथेच झाली. ही गाणी पाठ केलेली आणि सगळ्यांच्या मालकीची. त्यांत बाळंतपण येते, पाळणाही येतो, पण ते गाणाऱ्या मुलींनी अजून भोगलेले नसते. पुढे पदरात मूल आले, की जात्यावर बसलेल्या त्याच बाईचे गाणे बदलायचे. तोवर ओवीत माय आणि भाऊ असत. आता राघू आणि मैना येत, म्हणजे स्वतःचा मुलगा आणि मुलगी. ओवीची पहिली ओळ बहुधा ठरीव असे. मूठभर वैरण घालून, खुंटा पुन्हा फिरवत ती जी दुसरी ओळ म्हणे, ती मात्र तिची असे. लेकराचे दुखणे, घरची ओढाताण, मनातला अभिमान तिथे येई. पाठांतर करणारी मुलगी इथे रचनाकार होई. बाईच्या गाण्यातल्या या स्थित्यंतराकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही.

मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि भावगीताच्या इतिहासात बुलडाण्याचे नाव लागले. गाणे सुंदरच आहे. पण त्यात बोलते ती बाई. लिहिणारा पुरुष आणि गाणाराही पुरुष. पहाटे स्वतःच्या शब्दांत गाणाऱ्या बायकांच्या दारात मात्र तबकडी गेली नाही.

बहिणाबाई चौधरींचे गाणे बचावले तेही थोडक्यात. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आले, तीन मुले वाढवायची होती. माहेर-सासरच्या ओवीपासून निघालेले त्यांचे गाणे शेत, संसार, मन आणि मरण इथवर पोचले. सुगरणीच्या खोप्यातसुद्धा त्यांना आधी दिसतात ती पिलेच. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. त्यांची लेवा बोली मलकापूर-नांदुऱ्याकडेही बोलली जाते, त्यामुळे त्या बुलडाण्याला परक्या नाहीत. आज त्यांची गाणी आपल्याला ऐकू येतात ती बहुधा ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटातल्या वसंत पवारांच्या चालीत, सुमन कल्याणपूर यांच्या गळ्यातून. चाल गोड आहे, तरी ती बहिणाबाईंची नव्हे. शब्द जपताना आपण गाणारीचा गळा गमावला.

जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हे ओळखले. त्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, गाणारीचे नाव-गाव नोंदले गेले, अनेकींचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. असे काम वऱ्हाडात गावोगाव व्हायला हवे, कारण गिरणी आली तसे जाते कोपऱ्यात गेले आणि रचण्याची रोजची जागाच उरली नाही. गाणाऱ्या बाईला आजही श्रोता मिळतो. एकतारीवर भीमगीते गात लेकरे वाढवणाऱ्या कडूबाई खरात यांना मोबाइलने महाराष्ट्रभर पोचवले. स्वतः रचणाऱ्या आईला मात्र व्यासपीठ नाही.

ते व्यासपीठ जिल्ह्यातच मिळू शकते. १२ जानेवारीला बुलडाण्यातल्या सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मोत्सवाला मोठा जनसमुदाय लोटतो. पोवाड्यांत जिजाऊ येतात त्या बहुतेक शिवरायांची आई म्हणून. त्यांचे स्वतःचे मन क्वचितच गायले जाते. त्याच उत्सवात जिल्ह्यातल्या आयांनी स्वतः रचलेल्या ओव्या, स्वतःच्या चालीत, नावानिशी गाव्यात. त्या ध्वनिमुद्रित व्हाव्यात आणि समीक्षकांनी त्यांची चर्चा कवितेइतक्याच गांभीर्याने करावी. मातृत्वाचा गौरव आपण पुष्कळ केला. आता आईला रचनाकार म्हणून मान द्यायला हवा.