मिळेल, मिळावं आणि पाहिलाय का?

मी आणि माझा मामेभाऊ दरवर्षी एका जुन्या वहीच्या पानावर दोन रकाने आखतो. डावीकडे ‘मिळेल’, उजवीकडे ‘मिळावं’. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, फिल्मफेअर, ऑस्कर, जे जवळ आलं असेल ते. मी महाडचा, तो पोलादपूरचा. हरेल त्यानं महाड एसटी स्टँडजवळ मिसळ खिलवायची. गुण फक्त डाव्या रकान्याला. उजवा रकाना आपल्या मनाचा, त्याला गुण कसले द्यायचे, असं आमचं ठरलं होतं.

या खेळात मी चार वर्षांपूर्वी फार मोठा शहाणा ठरलो आणि दोन वर्षांनी तेवढाच मोठा गाढव. आधी शहाणपणाचं सांगतो.

२२ जुलै २०२२. ६८ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेता विभागून : ‘तान्हाजी’साठी अजय देवगण आणि ‘सूरराई पोट्रू’साठी सूर्या. माझ्या पानावर डावीकडे अजय होता आणि उजवीकडे सूर्या. दोन्ही रकाने बरोबर. आमच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. भाऊ मिसळ खिलवता खिलवता म्हणाला, “तू आता समीक्षकच हो.”

डावीकडे अजयचं नाव लिहायला काही अक्कल लागली नव्हती. राष्ट्रीय पुरस्कारांच्या याद्या चाळल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. खऱ्या माणसाची, त्यातही थोर किंवा झुंजार माणसाची भूमिका असेल, तर अभिनेत्याचं पारडं जड होतं. ‘द लीजेंड ऑफ भगतसिंग’चा अजय, ‘पान सिंग तोमर’चा इरफान, ‘शाहिद’चा राजकुमार राव, अलीकडे ‘ट्वेल्थ फेल’चा विक्रांत मॅसी. ‘देऊळ’मधल्या केश्यासाठी गिरीश कुलकर्णीला मिळालं, ते या रांगेत वेगळं दिसतं. तान्हाजी मालुसरे म्हणजे तर उमरठचे, पोलादपूर तालुक्यातले. त्यांची समाधी तिथं आहे. आमच्या भागात तो सिनेमा ‘आपला’ म्हणूनच पाहिला गेला.

पण ‘मिळावं’मध्ये मी त्याला लिहिलं नाही. अजय देवगण त्यात डोळ्यांनी आणि खांद्यांनी बरंच काही सांगतो, आवाज फारसा चढवत नाही, आणि भोवतीचा सिनेमा मात्र सतत ओरडत राहतो. सैफचा उदयभान राक्षस म्हणूनच रंगवलाय, त्यामुळे समोरच्या तान्हाजीला माणूस व्हायला जागाच उरत नाही. आणि तो डोंगर! कॉम्प्युटरवर बनवलेला तो सह्याद्री इतका उंच, इतका कोरीव आहे, की त्यावरून दोर टाकून माणसं झोके घेतात आणि एक दगड निसटत नाही.

आमचा सह्याद्री निसटतो. पुरस्कार जाहीर झाले त्याच्या बरोब्बर एक वर्ष आधी, २२ जुलै २०२१ ला, महाड शहर पुराच्या पाण्यात होतं. संध्याकाळी तळीयेवर दरड आली. पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या. मी पुण्यात कॉलेजला होतो. घरचा फोन लागत नव्हता, वरंध घाट बंद, आंबेनळीतही दरडी. दोन दिवस मी हॉस्टेलवर मोबाइल चार्जिंगला लावून नुसता बसून होतो.

‘सूरराई पोट्रू’मध्ये एक प्रसंग आहे. मारा या नायकाचे वडील मरणाच्या दारात आहेत. त्याला विमानानं पोहोचायचंय आणि तिकिटाचे पैसे कमी पडतात. तो विमानतळावर अनोळखी माणसांपुढे हात पसरतो. सूर्या तिथं हिरोपण पूर्ण खाली ठेवतो. बोलता बोलता त्याचा आवाज लहान मुलासारखा होतो. मी तो प्रसंग पुराआधी पाहिला होता तेव्हा ठीक वाटला होता. पुरानंतर पाहिला आणि मोबाइल बाजूला ठेवावा लागला. ‘मिळावं’च्या रकान्यात सूर्याचं नाव आलं ते असं. त्याच्या अभिनयात या दोन पाहण्यांच्या मधे काहीच बदललं नव्हतं. बदललो होतो मी.

अंदाज आणि आवड यांतला फरक मला तेव्हा इतपत कळला : अंदाज बांधताना आपण दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो, आवड सांगताना स्वतःच्या. दोन्हींना वेगळी मेहनत लागते.

दुसऱ्याच्या डोक्यात शिरण्याची मेहनत ऑस्करच्या बाबतीत थोडी सोपी आहे. तिथं मतदार दहा हजारांच्या आसपास. त्यातले बरेचजण दिग्दर्शक, निर्माते, अभिनेते यांच्या संघटनांतही असतात आणि त्या संघटनांचे पुरस्कार आधी लागतात. म्हणजे वारा कुठला ते आधी कळतं. तरी २०२० मध्ये निर्माते आणि दिग्दर्शक दोन्ही संघटनांनी ‘१९१७’ला निवडलं होतं आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’नं नेलं. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत अंतिम निवड करणारं ज्युरी मोजक्या माणसांचं आणि दरवर्षी नवं. आधी प्रादेशिक समित्या सिनेमे गाळतात, मग उरलेले केंद्रीय ज्युरीकडे जातात. निर्मात्यानं प्रवेशिकाच पाठवली नाही तर विषय संपला. शिवाय वर्ष मोजायचं ते सेन्सॉर प्रमाणपत्राचं, प्रदर्शनाचं नव्हे. म्हणून तर रिंकू राजगुरूला ‘सैराट’साठी विशेष उल्लेख मार्च २०१६ मध्ये मिळाला आणि आपण आर्चीला पाहिलं २९ एप्रिलला. लोकांची आवड तयार व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

असंच आमच्या महाडच्या बाबतीत झालंय. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ प्रदर्शित झाला २००० मध्ये, पण त्याचे राष्ट्रीय पुरस्कार १९९८ चे आहेत : सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट, नितीन देसाईंना कला दिग्दर्शन आणि मामुट्टीला अभिनय. मामुट्टीबरोबर त्या वर्षी पुरस्कार विभागून कुणाला मिळाला होता? ‘जख्म’साठी अजय देवगणला. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा नट आणि बावीस वर्षांनंतरच्या यादीत उमरठचा तान्हाजी झालेला नट एकाच ओळीत बसलेले आहेत. महाड आणि पोलादपूर. भावाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मग मिसळ अर्धी अर्धी.”

तो सिनेमा मी पहिल्यांदा २० मार्चच्या सुमारास आमच्या गल्लीत लावलेल्या पडद्यावर पाहिला. १९२७ चा सत्याग्रह सुरू झाला आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. समीक्षक म्हणून सांगायचं तर सिनेमात दोष आहेत. तो एका घटनेवरून दुसऱ्या घटनेवर उडी मारत जातो, माणसं येतात, ओळख देतात आणि निघून जातात. पण चवदार तळ्याच्या प्रसंगात मामुट्टी चांगला होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. ते तळं माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. पडद्यावर मला नट दिसलाच नाही. त्याचा अभिनय मोजायला लांबचा माणूसच हवा होता, आणि ज्युरी लांबची होती. ज्युरींना शिव्या घालायची आपल्याला सवय आहे, पण कधी कधी लांब असणं हीच त्यांची पात्रता असते.

आता गाढवपणाकडे येतो.

सप्टेंबर २०२४. भारताकडून ऑस्करला कुठला सिनेमा जाणार याचं पान आम्ही आखलं. मी दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं : पायल कपाडियाचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला कानमध्ये ग्राँ प्री मिळालं होतं. मुंबईतल्या इस्पितळात काम करणाऱ्या तीन बायका, त्यातली छाया कदमची पार्वती रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्यानं खोलीचे कागद मागे ठेवले नाहीत, बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती गावी परतते. माझ्या आत्याची गोष्ट हीच. परळला डबे करून दिवस काढले. इमारत पाडायची ठरली तेव्हा नावावर काहीच नव्हतं. दोन पिशव्या घेऊन ती पोलादपूरला आली. मग या सिनेमाला नाही तर कुणाला?

२३ सप्टेंबरला फिल्म फेडरेशनच्या समितीनं २९ सिनेमांतून किरण रावचा ‘लापता लेडीज’ निवडला. ‘ऑल वुई इमॅजिन’ बद्दल फेडरेशनच्या अध्यक्षांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की हा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो. मी भडकलो. भावाला मोठमोठे मेसेज टाकले. त्यानं शांतपणे एकच प्रश्न पाठवला : “तू पाहिलायस का?”

नव्हता पाहिला. आमच्याकडे यायचा होता. ‘मिळावं’च्या रकान्यात, जो म्हणे माझ्या मनाचा, मी न पाहिलेला सिनेमा लिहिला होता. कानच्या बातम्या, ट्रेलर आणि ‘कोकण’ हा शब्द यांवर मी प्रेमात पडलो होतो. माझी आवड हाच मुळात एक अंदाज होता. आणि मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळांचं असंच होतं. नामांकनं आली की आपण बाजू घेतो, बाजू घेतली की भांडतो, आणि सिनेमा पाहायचा राहूनच जातो.

जानेवारी २०२५ मध्ये तो ओटीटीवर आला. मी पोलादपूरला जाऊन आत्याबरोबर मोबाइल उशीला टेकवून पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात तिला डुलकी लागली. पार्वतीच्या खोलीचा विषय निघाला तशी ती उठून बसली. प्रभा आणि पार्वती बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात तेव्हा ती मोठ्यानं हसली. पुढे समुद्र आला तर म्हणाली, “हे आपलं नव्हे, हे खालचं.” तिचं बरोबर आहे. सिनेमातलं कोकण म्हणजे समुद्र, आणि आम्ही घाटाखालचे, समुद्र न दिसणारे कोकणी. बुडालेल्या माणसाला प्रभा वाचवते आणि त्याच्यात स्वतःचा नवरा पाहते, तो भाग मला सिनेमाचा प्राण वाटला. इतका वेळ साध्या, कामाच्या बोलण्यात चाललेला सिनेमा तिथं एका बाईला जे बोलता आलं नाही ते बोलू देतो. आत्याला तो कळला नाही, आणि तिनं तसं सांगितलं.

युरोपीय म्हणाल तर संथपणा आहे, खरं. पण घर नावावर नसलेली बाई, डब्यांचा वास, लोकलमधली रात्र हे कुठल्या युरोपातलं? समितीशी माझं भांडण आता पाहून झालेलं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

सिनेमा संपल्यावर आत्यानं विचारलं, “ही त्या दुसऱ्यात पण होती ना? स्टेशनवर चहाची टपरी?” होती. ‘लापता लेडीज’ची मंजूमाई छाया कदमच. दोन्हींतला कुठलाही गेला असता तरी छाया कदमच जाणार होती, हे आमच्या पानावर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुढे ‘लापता लेडीज’ही १५ सिनेमांच्या यादीत बसला नाही, ते वेगळं.

“मग तुला कुठला आवडला?”

“तोच. टपरीवाला.”

मी थोडा दुखावलो. वाटलं, सोपा आहे म्हणून, विनोदी आहे म्हणून. विचारलं, का?

“अरे, ही आली परत गावाला. ती नाही आली. ती आपल्या पैशावर तिथंच राहिली.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पार्वती मला जास्त खरी वाटते. आत्याला मंजूमाई जास्त हवीशी वाटते, कारण खरं काय ते तिला सिनेमातून कळायची गरज नाही. तिची निवड समितीच्या निवडीशी जुळली, पण कारण समितीच्या कुठल्याच कागदावर सापडणार नाही. एकाच सिनेमाला दोन माणसं मत देतात तेव्हा ती एकच गोष्ट म्हणत असतात असं नव्हे. पुरस्काराच्या यादीत फक्त नाव येतं, कारण येत नाही. आपल्या पानावर ते लिहिता येतं.

आता आमच्या पानावर तिसरा रकाना आहे : ‘पाहिलाय का?’ तिथं ‘हो’ असल्याशिवाय उजवीकडे नाव लिहायचं नाही आणि नाव लिहिलं की शेजारी एका ओळीत कारण. डावा रकाना नेहमीसारखा पटकन भरला. उजवीकडे अजून दोनच नावं आहेत. भाऊ म्हणतो, आत्याचंही एक पान आखू. मिसळ मात्र अजून डाव्या रकान्यावरच ठरते.