डोब्रो आणि शुद्धतेचा आग्रह

ब्लूग्रास ह्या अमेरिकन संगीताच्या शुद्धतेविषयी जे फार हळवे आहेत, त्यांस डोब्रो हे वाद्य सहसा रुचत नाही. बिल मनरो ह्यांचा १९४५ ते १९४८ चा जो ताफा ह्या संगीताचा आदर्श मानला जातो, त्यात मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार व बास एवढीच वाद्ये होती. सबब डोब्रो उपरे, असा त्यांचा युक्तिवाद. दुसरा आक्षेप कानाचा आहे: लाकडाचा गोडवा सोडून पत्र्याचा झणकार का ऐकावा?

ह्या दुसऱ्या आक्षेपात आम्हांस फारसे बळ दिसत नाही. गिटारच्या पेटीत ॲल्युमिनियमचा पातळ वाडगा बसवून तारांचे कंपन आठ पायांच्या घोडीने त्यास पोचवावे, ही जॉन डोपेरा ह्या स्लोव्हाक कारागिराची युक्ती १९२८ च्या सुमाराची. वाद्याचा आवाज मोठा व्हावा, एवढाच तिचा हेतू होता. पुढे विजेच्या गिटारने ती गरज संपविली, पण नाद मात्र उरला. आता ज्यांस धातूचा एवढा विटाळ, ते बँजो कसा सोसतात? त्याचे धातूचे कडे आणि डफासारखे ताणलेले आवरण ह्यांत लाकडाचा गोडवा तो कितीसा?

परंपरेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अर्ल स्क्रग्ज ह्यांची तीन बोटांची बँजोची धाटणी मनरोंच्या ताफ्यात आली १९४५ च्या अखेरीस. जॉश ग्रेव्ह्ज ह्यांनी तीच धाटणी डोब्रोवर उतरवून फ्लॅट व स्क्रग्ज ह्यांच्या ताफ्यात प्रवेश केला १९५५ साली. म्हणजे ज्या परंपरेचा डोब्रोने भंग केला म्हणतात, तिचे वय अवघे दहा वर्षांचे!

आमच्या मते ह्या वाद्याचे मर्म निराळेच आहे. वादक ते आडवे ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवितो, त्यामुळे मींड निघते. मींड फिडलवरही निघते. पण तेथे गज स्वरास शेवटपर्यंत जगवितो. डोब्रोचा स्वर छेडताच विरू लागतो आणि विरता विरता सरकतो. गायकाची ओळ संपल्यावर मागून येणाऱ्या ह्या निःश्वासाची जागा दुसरे कोणते वाद्य घेईल? विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा व जेरी डग्लस ह्यांचे डोब्रो १९९५ च्या एका ध्वनिमुद्रिकेत एकत्र आले, ते ह्याच ओढीने असावे.

एक गोष्ट मात्र शुद्धतावाद्यांच्या पदरी घातलीच पाहिजे. द्रुत गतीच्या हव्यासाने कित्येक वादक गाण्यातली प्रत्येक फट भरून काढतात, आणि मग तो निःश्वास ऐकू येणार कोठून? स्वतः डग्लसही ह्या मोहापासून सदैव मुक्त नाहीत. पण ॲलिसन क्राउस ह्यांच्या संथ गाण्यांमागे वाजविताना ते किती स्वर गाळतात, हे जिज्ञासूंनी अवश्य ऐकावे.