तीर्थकाक आणि विद्यार्थी

पाणिनीच्या एका सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने ‘तीर्थकाक’ हा शब्द उलगडून दाखविला आहे. तीर्थावर उतरलेला कावळा जसा तेथे फार काळ टिकत नाही, तसा गुरुकुलात जाऊन जो तेथे फार काळ राहत नाही तो तीर्थकाक, असा त्याचा आशय. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही थट्टा युरोपात शिकावयास गेलेल्या आमच्या तरुणतरुणींचे लेखन वाचताना आम्हांस वारंवार आठवते.

ह्या लेखनाची तऱ्हा आता ठरून गेली आहे. विद्यार्थी जर्मनीत, फ्रान्समध्ये किंवा नेदरलँड्समध्ये दोन वर्षे शिकतो. पण लिहितो ते सुटीतल्या दहा दिवसांविषयी. पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हेनिस, रोम अशी गावे एकामागून एक येतात. मनोऱ्याची उंची, होडीचे भाडे, शाकाहारी जेवणासाठी झालेली पायपीट ह्यांची नोंद होते. ज्या गावी तो दोन वर्षे राहिला, त्याचे नाव मात्र आरंभी एकदा येते आणि मागे पडते. प्रवासाची सोय झाली हे चांगलेच झाले. 1985 साली झालेला शेंगेन करार 1995 पासून अमलात आला, आणि आज त्याच्या कक्षेतील 29 देशांत एका परवान्यावर हिंडता येते. रात्रीच्या बसने निघावे आणि सकाळी दुसऱ्या राजधानीत उतरावे, हे विद्यार्थ्याच्या खिशालाही झेपते. आमची तक्रार आहे ती ह्या सोयीने लेखनाचे माप बदलले, ह्याबद्दल.

दोष एकट्या तरुणांचा नाही. त्यांच्यापुढे मराठी प्रवासवर्णनाचा जो कित्ता आहे तो पाहुण्याचा आहे. पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘अपूर्वाई’ 1960 साली पुस्तकरूपाने आले आणि परदेश पाहण्याची एक प्रसन्न रीत त्याने मराठी वाचकाला लावून दिली. आपण येथे पाहुणे आहोत ही जाणीव त्या पुस्तकात कोठेही लपविलेली नाही. त्यातील विनोद त्याच जाणिवेतून येतो. विद्यार्थी हा मात्र पाहुणा नसतो, बिऱ्हाडकरू असतो. पाहुण्याला दिवाणखाना दिसतो. बिऱ्हाडकरूला जिना, मोरी, शेजाऱ्याची कुरकूर आणि महिनाअखेरची ओढाताण दिसते. बिऱ्हाडकरूने पाहुण्याची लेखणी उसनी घेतली, म्हणजे त्याचा स्वतःचा अनुभव तिच्यात मावत नाही. आजच्या लेखनाचे मुख्य वैगुण्य आमच्या मते हेच आहे.

ह्या दृष्टीने गांधीजींच्या आत्मकथेतील विलायतेची प्रकरणे पुन्हा वाचण्यासारखी आहेत. 1888 साली मुंबईत जातीने त्यांना बहिष्कृत केले आणि त्याच वर्षी ते लंडनला कायदा शिकण्यास गेले. पुढे ते पॅरिसचे प्रदर्शन पाहावयास गेले. नकाशा घेऊन पायी हिंडले, आयफेल मनोऱ्यावर दोनतीनदा चढले, आणि केवळ उंचावर जेवल्याचे समाधान मिळावे म्हणून तेथे सात शिलिंग खर्च केले. ह्या खर्चाची ते स्वतःच चेष्टा करतात. नोत्र दाम येथील प्रार्थनामंदिराची शांतता मात्र त्यांच्या मनात राहून गेली. प्रवासाला त्यांनी एक लहानसे प्रकरण दिले आहे. त्याहून मोठी गोष्ट लंडनच्या बिऱ्हाडी घडली. दोघा थिऑसफिस्ट बंधूंनी त्यांना आपल्याबरोबर गीता वाचण्यास बोलावले, तेव्हा ती आपण संस्कृतातही वाचलेली नाही आणि गुजरातीतही नाही, ह्याची त्यांना लाज वाटली. वैष्णव घरातल्या मुलाला गीतेची ओळख परक्या शहरात परक्या माणसांनी करून दिली. हे दहा दिवसांच्या फेरीत घडले नसते. असा प्रश्न विचारण्याइतकी ओळख व्हावयास एका गावात काही काळ राहावे लागते.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे ह्यांचे. 1928 साली त्या बर्लिनला गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि ती विषमता वंशपरत्वे वेगळी असावी असा त्यांचे मार्गदर्शक ओइगेन फिशर ह्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. परदेशातून आलेल्या एका विद्यार्थिनीने गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, त्याच्याच संस्थेत बसून तसे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे ते फिशर नाझी राजवटीचे समर्थक झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल अधिकच कळते. ‘युगान्त’मध्ये महाभारतातील पूज्य माणसांना त्यांनी ज्या निर्भीड ममतेने पारखले, तिचा एक धागा आम्हांस त्या मोजमापात दिसतो.

तिसरे उदाहरण आपल्या गोव्याचे. मडगावात 1905 साली जन्मलेले आदेओदातो बार्रेतो कोइंब्रा विद्यापीठात शिकावयास गेले. तेथे त्यांनी भारतीय विद्येसाठी संस्था काढली, 1928 साली ‘इंदिया नोव्हा’ हे पत्र चालविले आणि पुढे हिंदू संस्कृतीवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती घरातल्या ह्या गोमंतकीयाने आपल्या पूर्वजांच्या संस्कृतीची बाजू राज्यकर्त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच विद्यापीठात राहून मांडली. बर्लिनमध्ये शिकत असताना राममनोहर लोहिया आणि असोळण्याचे ज्युलियाव मिनेझिस ह्यांचा स्नेह जुळला. त्या स्नेहामुळेच जून 1946 मध्ये लोहिया विश्रांतीसाठी असोळण्यास आले, आणि 18 जून रोजी मडगावची ती सभा झाली. विद्यार्थिदशेतील सहवासाने गोव्याच्या इतिहासाला असे वळण दिले.

आता आपल्या समाजाकडे वळू. समुद्रयान कलिवर्ज्य मानले जात होते त्या काळी परत आलेल्याला विचारीत: तेथे काय खाल्ले, कोणाच्या पंक्तीस बसलास? गांधीजींनाही परतल्यावर नाशिकला नेऊन स्नान घालण्यात आले. आज तोच समाज कौतुकाने विचारतो: किती देश पाहिलेस? आपण फार पुढे आलो असे ह्यावरून वाटते. पण दोन्ही प्रश्नांत विद्येची चौकशी नाही. पहिल्यात विटाळ मोजला जात होता, दुसऱ्यात शिक्के मोजले जातात. प्रश्नच असा असेल तर उत्तरही तसेच येणार, आणि लेखनही त्याच उत्तराचा विस्तार होणार.

प्रवासाने दृष्टी विस्तारते, विद्यार्थ्याने काय खोलीतच बसून राहावे काय, असे कोणी म्हणेल. तसे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या नावाने युरोपातील विद्यार्थी-विनिमयाची योजना 1987 साली सुरू झाली, तो इरॅस्मस पॅरिस, केंब्रिज, व्हेनिस, बाझेल असा आयुष्यभर हिंडला. पण जेथे गेला तेथे राहिला, शिकला, लिहिता झाला. त्या योजनेचाही हेतू विद्यार्थ्याने परक्या विद्यापीठात काही महिने राहावे असाच आहे. पहिल्या वर्षी 11 देशांतील 3,244 विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. आपल्या परंपरेतही संन्याशाने आठ महिने फिरावे आणि चातुर्मासात एका ठिकाणी राहावे, अशी सांगड आहे. स्वामींचा चातुर्मास आपल्या गावी असतो तेव्हा आपण त्यांच्यापाशी बसतो, विचारतो, ऐकतो. त्यांचा मुक्काम असतो म्हणून ते साधते.

तेव्हा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे, की आपल्या चातुर्मासाविषयी लिहा. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चार वाजता अंधारून आले तेव्हा काय वाटले? प्राध्यापकाने कोणते टिपण परत केले आणि का? तुमच्या देवाविषयी कोणी काय विचारले, आणि उत्तर देता आले का? एकादशीचा उपास कसा निभावला, किंवा का सुटला? ह्यांतील एकाचे खरे उत्तर पाच राजधान्यांच्या वर्णनाहून अधिक वाचनीय होईल. आणि आपल्या देवस्थानांच्या व समाजाच्या ज्या निधींतून ह्या मुलांना साहाय्य मिळते, त्यांच्या चालकांस एक विनंती. परतलेल्या विद्यार्थ्याला सभामंडपात शाल व श्रीफळ द्याल, तेव्हा त्याला अर्धा तास बोलावयासही सांगा. एका गुरूविषयी, एका शेजाऱ्याविषयी, स्वतःला पडलेल्या एका प्रश्नाविषयी. छायाचित्रे त्यानंतर पाहता येतील.