जैतापूर अणुऊर्जा विरोधाची चिकित्सा : वादाबाहेर राहिलेला समुद्र

अणुवीजनिर्मितीच्या विरोधाविषयी महाराष्ट्रात जे लेखन झाले, त्याचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पाशी निगडित आहे. माडबन व परिसरातील गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या आणि एकूण ९९०० मेगावॅट क्षमता, असा त्याचा मूळ आराखडा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. त्यानंतर सारा वाद किरणोत्सर्गाकडे ओढला गेला. त्यात विरोधाचेच अधिक नुकसान झाले.

फुकुशिमाचा दाखला पुढे येताच समर्थकांचे काम सोपे झाले. तेथील अणुभट्ट्या जुन्या बनावटीच्या, ईपीआरची रचना निराळी, माडबनचा सडा उंचावर, अशी उत्तरे तयार होती. विरोध भीतीपोटी आहे हे एकदा गृहीत धरले की लोकांचे प्रबोधन एवढेच कर्तव्य उरते.

साखरी नाटे येथील मच्छिमारांचा प्रश्न या चौकटीत बसत नव्हता. अणुभट्टीतील उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक उष्णतेचीच वीज होते. उरलेली बहुतांश उष्णता शीतकरणाच्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा हा प्रकल्प आपल्या विजेच्या दीडपटीहून अधिक उष्णता किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडणार. हे अपघाताचे नव्हे, प्रकल्प सुरळीत चालण्याचे वर्णन आहे. मासळी किती दूर जाईल, सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना कोठवर मज्जाव होईल, याचे उत्तर अणुभट्टीच्या मजबुतीत सापडत नाही. २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांची भरपाई जाहीर झाली, तीही जमिनीची. समुद्राचा सातबारा नसतो! एप्रिल २०११ च्या पोलीस गोळीबारात ज्याचा बळी गेला तो तरुण साखरी नाट्याचाच होता, ही बाब विरोधी लेखनातही बहुधा ओझरती येते.

अर्थात, विरोधकांचीही एक उणीव नोंदवणे प्राप्त आहे. समुद्रकाठचे कोळशाचे वीजकेंद्रही उष्ण पाणी सोडू शकते आणि वर कर्बवायू ओकते. या तुलनेला बहुतेक विरोधी लेखन भिडत नाही.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र विरोधाची बाजू भक्कम ठरली. २०१० मध्ये जगात एकही ईपीआर वीज देत नव्हती. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये सुरू झालेली अणुभट्टी २०१२ पर्यंत पूर्ण व्हावयाची होती. ती विद्युतजाळ्याशी जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. मूळ ३३० कोटी युरोंचा अंदाज १३०० कोटींच्या पुढे गेला. सुव्रत राजू व एम. व्ही. रमण यांनी २०१३ मध्येच ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त जैतापूरची वीज परवडणारी नसेल असा हिशेब मांडला होता. त्याचे मराठीत सविस्तर खंडन वा समर्थन झाले असते, तर वादाची पातळी निश्चितच उंचावली असती.

सदोष यंत्रसामग्रीबद्दल पुरवठादारावर दावा करण्याची २०१० च्या दायित्व कायद्यातील तरतूद डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुऊर्जा कायद्याने वगळली. त्यावरील चर्चेत गुंतवणूकदार, पुरवठादार आणि चालक यांचे हितसंबंध तपशिलाने आले. मासेमारीच्या नुकसानीचा प्रश्न २०१० मध्ये होता तेथेच राहिला.